शेरा : दर्जा अपुरा

दामोदर वेखंडे यांची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारण्यात गेली, आणि निवृत्तीनंतरची पहिलीच दिवाळी सरते न सरते तोच त्यांच्या स्वतःच्या कागदावर शेरा पडला. शेरा दोनच शब्दांचा होता : 'दर्जा अपुरा.'

दामूअण्णा भातसानगरला धरणाच्या वसाहतीत भांडारपाल होते. पाइप, खडी, बल्ब, बादल्या, झाडू या सगळ्याला सरकारी भाषेत 'साहित्य' म्हणतात, आणि अण्णांनी डोळ्यांखालून घातल्याशिवाय कुठलंही साहित्य गोदामात शिरत नसे. 'साहित्याचा दर्जा तपासला, समाधानकारक आहे' असा एक रबरी शिक्का त्यांनी खास बनवून घेतला होता. तेव्हा निवृत्तीनंतर आपण साहित्याकडे वळावं हे त्यांना अगदी ओघानेच वाटलं. नुसतं गोदाम बदलायचं होतं, खातं तेच.

नवं गोदाम म्हणजे 'शब्दओसरी'. ही इंटरनेटवरची ब्लॉग लिहिणाऱ्यांची वस्ती. कुणीही सदस्य व्हावं, लेख पाठवावा, तो 'दर्जा समिती' वाचणार, पसंत पडला तर ओसरीवर मांडणार, मग बाकीचे ओसरीकर त्यावर बरंवाईट बोलणार. सापगावच्या आपल्या घराच्या पडवीत बसून अण्णांनी एका बोटाने मोबाइलवर लेख टाइप केला. नाव दिलं, 'दुर्गराज सिद्धगड : एक अविस्मरणीय अनुभव.' लेखात इतिहास होता, भूगोल होता, सूर्योदय होता, शेवटी तरुण पिढीला उपदेश होता. नव्हती ती एकच गोष्ट : अण्णा सिद्धगडावर कधी गेले नव्हते. एकदा मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत घोंगडी घासाघीस करून घेताना तो त्यांना लांबून दिसला होता, आणि दिसणं हासुद्धा एक अनुभवच आहे, असं त्यांचं मत होतं. बाकीचा मजकूर त्यांनी चार ठिकाणांहून गोळा केला होता. याला ते संकलन म्हणत.

लेख परत येणं एवढंच असतं तर त्यांनी ते गिळलं असतं. पण मध्ये काळूराम आला होता.

काळूराम शेजारचा. त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. अण्णांनी लेख पाठवला तेव्हा तो कुंपणाच्या पलीकडे झालरी वाळत घालत होता. मोबाइलवर उमटलं, 'अभिनंदन! आपला लेख प्राप्त झाला आहे.' अण्णांनी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. वास्तविक 'प्राप्त झाला' याचा अर्थ काय, हे आयुष्यभर आवकजावक पाहिलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण त्या क्षणी त्यांना 'अभिनंदन' एवढंच दिसलं आणि काळूरामला एवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सापगावच्या फाट्यावर बॅनर लागला. 'सापगावचे भूषण, जागतिक ब्लॉग लेखक मा. श्री. दामोदरशेठ वेखंडे यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : काळूराम मंडप डेकोरेटर्स व मित्रपरिवार.' फोटो अण्णांच्या निरोप समारंभातला होता, गळ्यात हार घातलेला. बॅनरवरची अक्षरं लांबून वाचता येत नव्हती, हार मात्र नाक्यापासून दिसत होता. त्यामुळे दुपारपर्यंत दोन जुने सहकारी पडलेल्या चेहऱ्याने घरी येऊन गेले. दार खुद्द अण्णांनी उघडल्यावर त्यातल्या एकाने "अरे, तुमीच?" असं विचारलं, आणि त्याच्या आवाजात जी किंचित निराशा होती ती अण्णांच्या मनाला बरेच दिवस लागून राहिली.

काळूराम तेवढ्यावर थांबला नाही. येत्या रविवारी कुणाचा तरी साखरपुडा मोडल्यामुळे त्याचा मांडव मोकळा होता. त्याने तो शाळेच्या पटांगणात उभारायचं ठरवलं आणि अण्णांचा जाहीर सत्कार ठेवला. "सत्काराला तुमी तो लेख वाचून दाखवा," तो म्हणाला. "गावाला कळू दे काय छापलंय ते."

त्याच संध्याकाळी शेरा आला.

"मंग सांगून टाका नं," शकूवहिनी, म्हणजे अण्णांची बायको, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "नाय छापला म्हनावं. काय फाशी देनार हायेत?"

"शकू, सत्कार रद्द करता येतो," अण्णा खोल आवाजात म्हणाले. "बॅनर रद्द करता येत नाही. तो लोकांनी वाचलाय." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तू वाचलास ना लेख? तुला काय वाटतं?"

"घेतला व्हता वाचाया. सूर्य उगवायच्या आत माजा डोला लागला."

घरातून दाद मिळेना, तेव्हा अण्णा कुंपणाशी गेले. पण आपला लेख परत आला हे कबूल कसं करायचं? त्यांनी काळूरामला सांगितलं की त्यांच्या एका मित्राचा लेख परत आला आहे आणि दर्जा म्हणजे नेमकं काय हे तो मित्र विचारतो आहे.

"कोन मित्र?"

"तू ओळखत नाहीस. ठाण्याचा आहे."

काळूरामने बांबूवर हात टेकून विचार केला. "आता बगा अण्णा, बांबू तेच, दोऱ्या त्याच, खुर्च्यापन त्याच. पन झालर लावली, लायटिंग सोडली, का लोक म्हनतात काय लगीन झालं. दर्जा म्हंजे रोषनाय. तुमच्या मित्राला सांगा, झालर लाव."

अण्णांनी त्याच रात्री झालर लावली. कडा होता तिथे 'गगनचुंबी अभेद्य कडा' झाला, झाडी 'हिरवीगार नयनरम्य वनराई' झाली, आणि सूर्य, जो पहिल्या लेखात नुसता उगवला होता, तो 'सहस्ररश्मी तेजोनिधी' होऊन 'पूर्व क्षितिजावर अवतीर्ण' झाला. उत्तर लगेच आलं : 'विशेषणे बाजूला काढल्यावर लेख सापडला नाही. दर्जा अपुरा.'

काळूरामचा दुसरा सल्ला व्यवहाराचा होता. "तुमचा मित्र दुसऱ्याचं वाचतो का? आपुन कुनाच्या लग्नाला गेलो नाय तर आपल्या लग्नाला कोन येल? त्याला सांगा, आदी चार ठिकानी हजेरी लाव."

हे अण्णांना पटलं. प्रत्येकाचा लेख वाचत बसणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी शिक्क्यासारखं एक वाक्य तयार करून ठेवलं आणि ते दिसेल त्या लेखाखाली चिकटवायला सुरुवात केली : 'अप्रतिम! मन प्रसन्न झाले. असेच अनुभव आपल्याला वारंवार येवोत.' एका तडाख्यात त्यांनी पान भरून लेख उरकले. त्यात एकाच्या मुतखड्याचं ऑपरेशन होतं, एकाच्या घरी झालेली चोरी होती, आणि एका बाईंनी सासूबाई गेल्याचं लिहिलं होतं.

मुतखडेवाल्याने शिव्या दिल्या. चोरीवाल्याने, तुमचा पत्ता द्या, असं लिहिलं. सासूबाईंच्या लेखाखाली मात्र लेखिकेने अण्णांना एक लाल बदाम दिला होता. पण समितीने बदाम जमेस धरला नाही. 'आपले सदस्यत्व निरीक्षणाखाली ठेवण्यात येत आहे. ओसरीवर स्वतःचा अनुभव आणि स्वतः काढलेले छायाचित्र अपेक्षित आहे.' सगळ्या नोकरीत अण्णांवर साधी चौकशी लागली नव्हती. त्या रात्री ते जेवले, पण ताक नको म्हणाले. अण्णांच्या बाबतीत हा उपासच समजायचा.

स्वतःचा अनुभव म्हटल्यावर त्यांना साहजिकच धरण आठवलं. अर्धी मुंबई ज्या पाण्याने आंघोळ करते त्याच्या काठावर त्यांची हयात गेली होती. एक फोटो काढला, चार आठवणी लिहिल्या, की समितीचं तोंड बंद. दुसऱ्या दिवशी ते भातसानगरला गेले. त्यांच्या खुर्चीत आता अनिल बसत होता. हा अनिल त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला, शकूवहिनींच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोटोचं नाव काढताच तो पुन्हा खुर्चीत बसला.

"साहेब, फोटोला मनाई आहे."

"मला माहीत आहे. तो बोर्ड मीच लावलाय."

"म्हणूनच म्हणतो," अनिल आदराने म्हणाला. "बोर्डावर 'सक्त' हा शब्द तुम्हीच घालायला लावलात. नुसती मनाई असती तर काहीतरी बघितलं असतं. तुम्ही अर्ज करा साहेब."

अण्णांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. अनिलने तो वाचला, ओठ मिटून मान हलवली आणि कारण नमूद नसल्याची त्रुटी काढून पूर्ततेसाठी परत दिला. त्रुटी बरोबर होती. अण्णांना एकीकडे राग आला आणि एकीकडे, आपण पोराला काम मात्र चोख शिकवलं, असं वाटून छाती भरून आली.  अर्जाची घडी खिशात घालून ते घरी आले.

आता उरला सिद्धगड. आणि रविवार जवळ येत चालला होता.

"काळूराम," ते कुंपणापाशी जाऊन म्हणाले, "त्या मित्राला सिद्धगडाचे फोटो हवे आहेत."

"मंग चला नं. मंडपाचा टेम्पो हाय." काळूरामने चावी काढली. "मित्र कुठं भेटनार? कल्याणला का थेट गडावं?"

"त्याला ताप आलाय."

"येनारच," काळूराम शांतपणे म्हणाला, आणि अण्णांना पहिल्यांदा शंका आली की याला सगळं माहीत असावं.

भल्या पहाटे निघून ते किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला पोचले आणि म्हसा गावावरून पायथ्याला. शेतांत भाताची झोडणी चालली होती. अण्णांनी डोक्याला टोपी, खांद्याला ऑफिसची जुनी बॅग आणि पायांत या मोहिमेसाठी घेतलेले नवे बूट चढवले होते. दुकानदाराने सांगितलं होतं की हे बूट हिमालयातसुद्धा चालतात. हिमालयाचं माहीत नाही, पण सिद्धगडाच्या पहिल्या चढणीला उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला टाळी वाजवू लागला. जंगलातून एका पायाने टाळ्या पिटत अण्णा अर्ध्या वाटेवरच्या वाडीपर्यंत कसेबसे पोचले. समोर गड होता, पण तो गळ्यापर्यंत धुक्यात. काळूरामने मोबाइल धरला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि म्हणाला, "नुसता धूर येतोय अण्णा. भट्टीसारखा."

तेवढ्यात एका घरातून म्हातारी बाहेर आली. तिचं नाव लहानी. तिने टोपी पाहिली, बॅग पाहिली आणि आत वळून हाक दिली, "चांगो, उठ. पान्याचा सायेब आलाय."

चांगो, म्हणजे तिचा नवरा, डोळे चोळत आला. त्याच्यामागून आणखी बायामाणसं जमली. सगळ्यांना वाटलं, टाकी बघायला साहेब आला. अण्णांनी त्याच क्षणी 'मी तो नव्हे' म्हणायला हवं होतं. पण निवृत्त झाल्यापासून त्यांना इतक्या माणसांनी एकदम साहेब म्हटलं नव्हतं. त्यांची मान आपोआप ताठ झाली, हात मागे गेले आणि तोंडातून शब्द बाहेर पडले, "हं. काय अडचण आहे?"

अडचण अशी होती की वाडीच्या वरच्या अंगाला सिमेंटची टाकी होती, तिच्यात झऱ्याचं पाणी यायचं, आणि खाली जिथे नळाची चावी बसवली होती तिथून रात्रभर गळून जायचं. सकाळी बाया हंडे घेऊन गेल्या की टाकी कोरडी. मग लांबच्या ओढ्यावर खेप. काल रात्री बायांनी चावीभोवती चिंध्या कोंबल्या होत्या, म्हणून आज टाकी अजून बरीचशी भरलेली होती.

अण्णा टाकीपाशी गेले. बोटाने टकटक केलं. चावीभोवतीचं सिमेंट नखाने उकरून बघितलं. मग मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहित्याचा दर्जा तपासावा लागेल," आणि त्यांनी चावी फिरवली.

चावी फिरली नाही. ती पाइपच्या तुकड्यासकट त्यांच्या हातात आली, आणि मागोमाग पाण्याचा जो लोट आला तो सरळ अण्णांच्या छातीवर. टोपी उतारावरून पळाली. अण्णांनी भोकावर एक हात दाबला, मग दोन्ही, मग गुडघा, आणि काहीच पुरेना तेव्हा एखाद्या खुर्चीत बसावं तसे पाठ लावून ते भोकापाशी बसले. पाणी थांबलं. म्हणजे बाहेर यायचं थांबलं, अण्णांच्या सदऱ्यात जायचं थांबलं नाही.

"उठू नका सायेब," लहानी ओरडली. "हांडे आनतंय."

पुढचा बराच वेळ अण्णा वाडीच्या नळाचं काम करत होते. बाया एकामागून एक हंडे लावत. "जरा डावीकडं सरका सायेब." अण्णा सरकत, धार लागे, हंडा भरे. "आता बसा." अण्णा बसत. एकीने त्यांना हळू सरकायला सांगितलं, कारण तिचा हंडा नवा होता. धरणावर असताना दरवाजे कधी उघडायचे, कधी मिटायचे हे लोक कसं ठरवतात याचं त्यांना नेहमी कुतूहल वाटे. ते आज फिटलं.

शेवटी काळूरामने डोकं चालवलं. त्याने अण्णांच्या बुटाचा लोंबता तळवा खेचून काढला, त्याची गुंडाळी केली, वरून स्वतःच्या डोक्याला गुंडाळलेल्या झालरीचा तुकडा आवळला आणि चांगोने दगडाने ठोकून ती गुडदी भोकात बसवली. गळती बंद झाली. हिमालयापर्यंत जाणारा बूट अखेर कुठेतरी टिकला.

लहानीच्या चुलीपाशी, चांगोचा आखूड सदरा घालून आणि लुंगी नेसून, अण्णा कोरा चहा पीत बसले. त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. आपण पाण्याचे साहेब नाही, कुठलेच साहेब नाही, लेख लिहायला आलो होतो.

"म्हंजे लिवता येतं नं?" लहानी म्हणाली. तिला त्यांच्या साहेबपणाशी काही देणंघेणं दिसलं नाही. "आमी तोंडानं लय सांगितलं त्या हापिसात. ते म्हनतात, लिवून आना. वाडीत लिवनारी पोरं सगली कामाला खाली गेल्यात. लिवा मंग."

अण्णांनी बॅगेतला कोरडा राहिलेला कागद काढून गुडघ्यावर घेतला आणि विचारायला सुरुवात केली. टाकी कधी बांधली? घरं किती? ओढा केवढ्या अंतरावर? तिथे हंडा घेऊन जायला वेळ किती? वाटेत कुणी पडलं होतं का? पडली होती, जिवली नावाची एक सून, पोटुशी असताना. बरी आहे आता, दारातच उभी होती. ते सगळं त्यांनी जसं ऐकलं तसं मांडलं आणि शेवटी हवं काय ते सांगितलं : नवी चावी, नवा पाइप, भोवती पक्कं सिमेंट. पान भरायच्या आत अर्ज पुरा झाला. नयनरम्य असा शब्द त्यांना एकदाही आठवला नाही.

परतताना मुरबाडला थांबायचं हे अण्णांनी आधीच ठरवलं होतं. शब्दओसरीवर संपर्काचा पत्ता मुरबाडच्या एस.टी. स्टँडजवळचा होता, आणि त्यांना दर्जा समितीला समोरासमोर चार शब्द सुनवायचे होते. पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. आत एक चष्मेवाली बाई मशीन झाडत होती.

"मला दर्जा समितीला भेटायचंय," एका पायात तळवा नसलेला बूट आणि लुंगी अशा वेषात जेवढं रुबाबात म्हणता येईल तेवढ्या रुबाबात अण्णा म्हणाले.

"बोला."

"पूर्ण समितीला."

"पूर्णच आहे," ती म्हणाली. "मी रंजिता."

सुनवायचे चार शब्द अण्णांनी तूर्त मागे ठेवले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी अर्ज पुढे केला. "आधी याच्या तीन प्रती काढा." रंजिताने कागद काचेवर ठेवायच्या आधी सहज त्यावर नजर टाकली, मग वाचायला लागली. कागद ठेवला, बटण दाबलं आणि पहिली प्रत बाहेर आली ती उचलून पुढचं वाचू लागली. दाराशी एक गिऱ्हाईक आधार कार्ड हलवत उभं होतं, तिचं लक्ष नव्हतं. मशीन चालूच राहिलं. तीनच्या जागी दहाबारा प्रती साचल्यावर काळूरामने हात घालून ते बंद केलं.

"ती पडलेली सून बरी आहे का?" तिने विचारलं.

"बरी आहे. लिहिलंय पुढे."

"हो, आलं." तिने शेवटपर्यंत वाचून कागद खाली ठेवला. "कोणी लिहिलंय?"

"मी. दामोदर वेखंडे, सापगाव."

रंजिताने चष्मा वर केला. "वेखंडे? सूर्योदयवाले?"

"तो लेख तुम्ही दोनदा परत केलात," अण्णा एकदाचे म्हणाले. "मी आयुष्यभर दर्जा तपासलाय. दर्जा अपुरा म्हणजे किती अपुरा, कशात अपुरा, काही नमूद नको?"

"काका, तुमचा सूर्योदय मी आधी चार ठिकाणी वाचला होता. त्यातल्या एका ठिकाणी तो राजगडावर उगवला होता."

"ते संकलन आहे."

"असेल. मी काही विद्वान नाही. मी इथे गिऱ्हाईक करता करता वाचते. वाचताना कोणी आलं आणि मला मोबाइल खाली ठेवणं जिवावर आलं, की मी समजते दर्जा आहे. तुमच्या गडावरून मी चारदा उठले. पाचव्यांदा कुठपर्यंत आले होते तेच आठवेना." तिने त्या दहाबारा प्रतींकडे बघितलं. "आणि हे बघा, ह्याने माझा कागद फुकट घालवला."

 मागे काळूराम खोकला.

"पण तुमचा हा अवतार कशाने?" तिने विचारलं.

अण्णांनी सांगायचं टाळलं, म्हणून काळूरामने सांगितलं, आणि भोकापाशी बसलेल्या अण्णांचा फोटोही दाखवला. आधार कार्डवालं गिऱ्हाईकसुद्धा आत येऊन ऐकू लागलं.

"हेच लिहा," रंजिता म्हणाली.

"हे लिहिण्यासारखं नाही."

"मग नक्की वाचण्यासारखं आहे."

घरी येऊन अण्णा दोन दिवस त्या मजकुराशी झगडले. हा काही साधा प्रश्न नव्हता. एका पारड्यात दर्जा होता, दुसऱ्यात आब. पहिल्या खर्ड्यात त्यांनी लिहिलं, 'टाकीची तांत्रिक पाहणी करताना प्रस्तुत लेखकास किंचित ओलाव्याचा सामना करावा लागला.' शकूवहिनींनी ते वाचलं. "किंचित? बनेन पिळून पिळून माजा हात दुकला." अण्णांनी ओळ खोडली. मग साहेब म्हणवून घेण्याचा मोह लिहिला, चावी लिहिली, 'जरा डावीकडं सरका' लिहिलं, बूट लिहिला. प्रत्येक वाक्याला अंगावरचं एकेक कापड उतरवल्यासारखं वाटत होतं. पण गंमत म्हणजे हात थांबत नव्हता. शनिवारी दुपारी लेख ओसरीवर लागला, खाली काळूरामने काढलेला फोटो.

रविवारी पटांगणात मांडव गच्च भरला. प्रमुख पाहुणे पंचायतीचे एक माजी सदस्य होते. त्यांनी मोबाइलमुळे पिढी कशी वाया चालली आहे यावर बराच वेळ भाषण केलं आणि अण्णांना शाल घातली. मग अण्णा उभे राहिले.  त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचायला सुरुवात केली. चावी हातात आली तिथे मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. अण्णा दुखावून थांबले आणि त्या दिशेला बघत राहिले. ते थांबल्यामुळे बाकीच्यांना चित्र नीट डोळ्यांपुढे आणायला वेळ मिळाला, आणि सगळा मांडव हसला. लहानीच्या हंड्यांपाशी अण्णा पुन्हा थांबले. या वेळी मुद्दाम. बायकांच्या बाजूला शकूवहिनी पदर तोंडाला लावून हलत होत्या, आणि पाहुणे शेजारच्याला विचारत होते, लेख कुठे मिळेल, पाठवा ना.

तालुक्याच्या ऑफिसात अर्ज पोचला तोही वाया गेला नाही. त्याच महिन्यात माणसं येऊन वाडीच्या टाकीला नवी चावी बसवून गेली. चांगोचा फोन आला. पाणी सकाळपर्यंत राहतं, तो म्हणाला, आणि बुटाचा तो तुकडा लहानीने जपून ठेवलाय, कुठं लागला तर असावा.

नंतर एके दिवशी रंजिताचा संदेश आला. ओसरीवर लेख फार येऊ लागले आहेत, दुकान सांभाळून तिला झेपत नाही, काका समितीत येतील का? अण्णांनी आरशासमोर उभं राहून होकार टाइप केला. त्या संध्याकाळी तपासणीसाठी पहिला लेख आला. नाव, 'माजी सिद्धगड मोहीम.' लेखक काळूराम, सापगाव.

अण्णांनी चष्मा पुसला. दुसऱ्याच ओळीत होतं, 'माज्याबरोबर एक वृद्ध ग्रहस्त व्हते. त्यांना दम लागत व्हता म्हनून मी हळू चालत व्हतो.' अण्णांचा हात जवळपास आपोआप शेऱ्याच्या चौकटीकडे गेला. ऱ्हस्वदीर्घ चुकलेले, बोलतो तशी भाषा, शिवाय बुटाची कल्पना दोनदा सांगितलेली. तरी ते पुढे वाचत गेले. शकूवहिनींनी आतून जेवायला हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही. खाली लिहिलं होतं, 'अण्णा थंडीनं कुडकुडत व्हते. पन ती सून पडल्याली लिवताना त्यांनी पेन थांबवला आनि तिलाच विचारलं, तुजं नाव लिवू ना गो, चालंल ना. मी पंचवीस वर्सं शेजारी ऱ्हातो. हा मानूस असा हाय ते मला ठाव नव्हतं.'

अण्णांनी चष्मा काढला, पुन्हा पुसला. मग 'ग्रहस्त'चं 'गृहस्थ' केलं. 'वृद्ध'वर बराच वेळ बोट ठेवलं. शेवटी तो शब्द आहे तसा राहू दिला, आणि लेख मंजूर करून ओसरीवर सोडला.

कुंपणापलीकडून आवाज आला, "अण्णा, जेवलाव का? माज्या लेखाचं काय झालं?"

अण्णांनी मोबाइल खिशात टाकला, घसा साफ केला आणि भांडारपालाच्या आवाजात म्हणाले, "विचाराधीन आहे."